पाळण्याचा सवाल



यंदा महावीर जयंतीला आमच्या मंदिरात पाळण्याचा सवाल 51,000 रुपयांवर गेला. चांदीचा पाळणा, मोगऱ्याच्या माळा, रेशमी दोरी. उपाध्यांनी तीन वेळा पुकारा केला, ज्यांच्या नावावर सवाल उतरला त्या घरच्या मंडळींनी पाळणा हलवला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यात मला काही खोट वाटत नाही.

त्याच वेळी मागे, चपलांच्या खणाशेजारी, आपल्याच समाजातली एक सून चार महिन्यांचं रडणारं बाळ घेऊन उभी होती. तिला बाळाला पाजायला जागा हवी होती. एक काकू म्हणाल्या, "अगं, बाहेर घेऊन जा की. पूजेत व्यत्यय येतोय." ती बाहेर गेली. एप्रिलचं ऊन. कुणाच्या तरी स्कूटरवर बसून ओढणीखाली तिनं बाळाला पाजलं. पुढच्या पाळण्यात बाळ नव्हतं आणि मागच्या बाळाला पाळणा नव्हता. त्या दिवसापासून हा लेख माझ्या डोक्यात आहे.

नंतरच्या महिन्यात विश्वस्तांच्या बैठकीला आम्ही सात जणींनी अर्ज दिला. मंदिराच्या तळमजल्यावरचा हॉल सोमवार ते शनिवार लहान मुलांच्या केंद्रासाठी मिळावा, एवढीच मागणी. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं, सांभाळायला शिकलेल्या बाया, स्वच्छ शाकाहारी जेवण, महिन्यातून एकदा वजन आणि तपासणी. अर्ज वाचायला पाच मिनिटं लागली आणि फेटाळायला दोन. "पाळणाघरं काढून घरं मोडायची आहेत का तुम्हाला?" असं एक अण्णा म्हणाले. बाकीचे हसले. इतिवृत्तात "विषय तहकूब" अशी नोंद झाली.

अण्णा वयानं मोठे आहेत, मंदिरासाठी त्यांनी आयुष्य घातलं आहे. त्यांचा मान राखूनच सांगते, पाळणाघरानं घर मोडत नाही. घर मोडतं ते सगळा भार एकाच बाईच्या पाठीवर टाकल्यानं. लहान मुलांसाठी केलेली सोय ही फक्त लहान मुलांची सोय नसते. ती आईची असते, आजीची असते, बापाची असते, मोठ्या बहिणीची असते, आणि आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईचीही असते. हे पटवून द्यायला मी आज लिहायला बसले आहे. बैठकीत जे जे ऐकलं, त्याला एकेक करून उत्तर देते.

"आमच्या वेळी कुठं होती पाळणाघरं?"

होती की! फक्त पाटी नव्हती. आमच्या वाड्यात चार चुलत्यांचे संसार होते. एक काकू चुलीपाशी, एक विहिरीवर, एक बाळंतीण आणि एक म्हातारी सोप्यात मुलं राखत बसलेली. माझं पहिलं मूल मी वाढवलं असं मी म्हणते खरी, पण त्याला न्हाऊमाखू कुणी घातलं, रात्री पोट दुखलं तेव्हा ओवा कुणी चावून दिला, पहिलं पाऊल कुणाच्या अंगणात पडलं, ही यादी केली तर माझ्या वाट्याला निम्मंसुद्धा येत नाही. तो वाडा पाडून आता तिथं पाच मजली इमारत झाली आहे. चार चुलत्यांचे चार दरवाजे, आणि चारही आतून बंद. वाडा आपणच पाडला. मग वाड्यानं जे काम फुकट केलं, ते कुणी करायचं याचा विचार आपणच करायला नको का?

आणि परंपरेचं म्हणाल, तर पंचकल्याणकांकडे बघा. पाच कल्याणकांपैकी पहिली दोन गर्भ आणि जन्म. तप, ज्ञान, मोक्ष नंतर. तीर्थंकर गर्भात असतात तेव्हा मातेच्या सेवेला छप्पन कुमारी देवी येतात असं आपण मानतो. पंचकल्याणक महोत्सवात आपल्या मुली नटूनथटून त्या देवी होतात, मातेला वारा घालतात, आरसा दाखवतात, तिचं मन रमवतात. हे सगळं आपण कौतुकानं बघतो आणि घरी येऊन सुनेला विचारतो, "एक मूल सांभाळायला तुला माणूस कशाला लागतं गं?" त्रिशलामातेला छप्पन, आणि आपल्या सुनेला एकसुद्धा नाही!

"आजी आहे ना घरात?"

आजी म्हणजे मी. साठी उलटली. दोन्ही गुडघे बोलतात. दीड वर्षाच्या मुलामागं धावणं काय असतं ते बैठकीत बसलेल्या एकाही आजोबांना ठाऊक नाही, कारण ते सकाळी अभिषेकाला जातात, दुपारी वामकुक्षी घेतात आणि संध्याकाळी बागेत. नातवंडं मला प्राणापलीकडं आहेत. पण प्रेम वेगळं आणि रोजची दहा तासांची ड्युटी वेगळी. पंचवीस वर्षं मुलं वाढवली, मग दहा वर्षं सासू-सासऱ्यांची आजारपणं काढली. आता कुठं सामायिकाला शांत बसावं, स्वाध्यायाला जावं, एखादी यात्रा करावी, तर हातात पुन्हा दुधाची बाटली.

माझ्या ओळखीत एक आजी आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन त्यांनी तीन वर्षं पुढं ढकललं, कारण "नातू शाळेत जाऊ दे, मग बघू." नातू शाळेत गेला तेव्हा दुसरा नातू झाला होता. आज त्या भिंत धरून चालतात. हा खर्च कुणाच्या वहीत लिहिलाय? सकाळी दहा ते एक एवढा वेळ जरी मूल चांगल्या हाती असेल, तरी आजी दवाखान्यात जाऊन येईल, प्रवचन ऐकेल, थोडी आडवी होईल, आणि दुपारी नातू घरी आला की त्याला हसून जवळ घेईल. थकलेली आजी मुलाला मोबाइल देते. ताजी आजी गोष्ट सांगते.

आणि ज्या घरात आजी नाहीच, तिथं? पुण्यात, बंगळुरात आपली कितीतरी मुलं-मुली आहेत. त्यांच्या बाळांनी काय गावाकडून आजी येण्याची वाट बघत बसायची?

"सुनांनी नोकरी करायलाच हवी का?"

हा प्रश्न आपण सुनांना विचारतो, लग्नाआधी मुलीच्या बापाला मात्र विचारतो, "मुलगी काय शिकलीय? पॅकेज किती?" शिकलेली सून हवी, पगारी सून हवी, पण मूल झालं की तिनं पदवी ट्रंकेत ठेवावी. मी स्वतः बी.कॉम. आहे. माझं प्रमाणपत्र अजून ट्रंकेत आहे, आणि त्याचा मला रागही नाही, कारण तेव्हा मी निवडलं ते मला मान्य होतं. पण निवडणं आणि दुसरा मार्गच नसणं यात फरक आहे. घरी राहायचं ठरवलेल्या आईलाही दिवसातून तीन तास हवे असतात. पाळणाघर फक्त नोकरीवाल्या बाईचं, हा समज आधी काढून टाका.

बाळंतपणानंतर बाईचं मन किती ढासळतं याविषयी तर आपल्याकडे बोलतच नाहीत. "तिला काय कमी आहे?" म्हणतात. तिसऱ्या मजल्यावर, बंद दारामागं, रडणाऱ्या बाळाबरोबर दिवसाचे बारा तास एकटी असलेल्या पंचविशीतल्या मुलीला काय कमी आहे, ते जाऊन बघा. तिला माणूस कमी आहे. केंद्रात रोज दोन बाया भेटल्या, "माझाही रात्रभर झोपत नव्हता" असं कुणी म्हणालं, वजन घेणाऱ्या नर्सनं "आणि तू कशी आहेस?" असं विचारलं, तरी निम्मं ओझं उतरतं. हे सुनेला बरं वाटावं म्हणून नाही. आईचं मन ठिकाणावर असेल तर बाळ खातं, झोपतं, हसतं. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

"एवढ्या नर्सऱ्या आहेत की गल्लोगल्ली!"

आहेत. अडीच वर्षाच्या मुलाला गळ्यात टाय, हातात पेन्सिल आणि ए-बी-सी-डी. वर्षाची फी ऐकली तर आमच्या काळात त्यात लग्न झालं असतं. मूल गेटवर द्यायचं आणि अडीच तासांनी गेटवरून घ्यायचं. अडीच तासांत कोणती आई कोणती नोकरी करून येणार? आत मूल रडलं, खाल्लं, पडलं, काही कळत नाही. पालकांना बोलावतात ते फी भरायला आणि स्नेहसंमेलनात मुलाला फुलपाखराचे पंख लावायला. ही मुलाची सेवाही नाही आणि कुटुंबाची तर नाहीच. मुलानं या वयात खेळायचं असतं, माती चिवडायची असते, गाणी म्हणायची असतात. मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलं आहे. याचा अर्थ त्या वयात जास्त पाठांतर करून घ्यायचं असा नाही. त्या वयात पोटभर अन्न, झोप, बोलणारी माणसं आणि निर्भय मन मिळायला हवं असा आहे.

आपली पाठशाळा तरी काय करते? मूल सहा-सात वर्षांचं झालं, णमोकार स्पष्ट म्हणायला लागलं, की प्रवेश. त्याआधीची वर्षं समाजाच्या हिशेबात नाहीतच. ती आईनं बघून घ्यायची.

"ते सरकारचं काम आहे, अंगणवाड्या आहेत ना?"

आहेत, आणि हा मुद्दा जरा नीट समजून घ्या, कारण आपल्यापैकी बहुतेकींनी अंगणवाडीचा उंबरा ओलांडलेला नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 गटांत सुरू झाली. तिच्यात सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण, आणि बायकांना आहार-आरोग्याचं शिक्षण. म्हणजे योजना आखतानाच गर्भवती, स्तनदा माता आणि मूल असं सगळं एका दारात आणलं होतं. त्यात उत्पन्नाची अट नाही. तुमची-माझी सूनही तिथं नाव नोंदवू शकते. आपण जात नाही, कारण "ती गरिबांची".

हे शहाणपण दिल्लीहून उतरलं असंही समजू नका. ते आपल्याच मातीतलं आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. पुढं त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत काम करत राहिल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत, तर त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असतं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. तान्हं पाळण्यात, मधलं खेळात, मोठी वर्गात, आणि आई निर्धास्त कामावर. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. धाकट्याची सोय केली की मोठीचं शिक्षण वाचतं, हे त्या दोघींनी कोसबाडला करून दाखवलं. आपण अजून विचारतोय, "पाळणाघर कशाला?"

आता आजची अंगणवाडी बघा. आमच्या भागातली अंगणवाडी दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत आहे. सेविका सकाळी मुलं जमवते, वजनं घेते, घरोघर जाते, पोषण ट्रॅकरवर माहिती भरते, आणि त्यातून वेळ उरला तर गाणी शिकवते. तिला मिळतो तो पगार नव्हे, मानधन. केंद्र सरकारनं 2018 मध्ये आपला ठरवलेला दर सेविकेला महिना 4,500 आणि मदतनीस बाईला 2,250 रुपये होता. राज्य त्यात भर घालतं. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या तेव्हा आपल्या गटात कुणीतरी लिहिलं होतं, "यांना काय कमी काम आहे?" एक दिवस तिच्याजागी बसून बघा.

सरकारचं काम सरकारनं करावंच, आणि ते करून घ्यायला आपण आवाज उठवावाच. पण अंगणवाडी दुपारी बंद होते, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायचा कोरडा आहार मिळतो, दिवसभर सांभाळ नाही. जिथं सरकारचा हात संपतो तिथून आपला सुरू व्हावा. त्या सेविकेला तिची खोली सोडून आपल्या स्वच्छ हॉलमध्ये बोलावलं तर काय बिघडेल?

आणि कायद्याचंही एक बोलते. 2017 च्या दुरुस्तीनं मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली, आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता आलं पाहिजे असं त्यात लिहिलं आहे. आपल्या समाजात कारखानदार, पेढीवाले, मोठे दुकानदार काही कमी नाहीत. किती जणांकडे आहे पाळणाघर? किती जणांचा हजेरीपट नेमका 49 वर थांबतो? परिग्रह-परिमाणावर आपण प्रवचनं ऐकतो. कामगारांच्या संख्येचं परिमाण मात्र असं पाळायचं नसतं.

"पण मुलं कुणाची येणार?"

हा प्रश्न बैठकीत मोठ्यानं कुणी विचारला नाही. बैठक संपल्यावर जिन्यात कुजबुजत विचारला. म्हणून मी तो मोठ्यानं लिहिते.

सगळ्यांची येतील. माझ्या घरी भांडी घासायला येणारी बाई पावणेदोन वर्षाचा मुलगा बरोबर आणते. तो माझ्या मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, एका पोत्यावर बसतो. ती पाच घरं करते. म्हणजे रोज पाच गॅलऱ्या, पाच पोती. मी त्याला बिस्किट देते आणि मला वाटतं मी दया केली. मुंगीवर पाय पडू नये म्हणून आपण खाली बघून चालतो, पाणी गाळून पितो. त्या पोत्यावरच्या पंचेंद्रिय जिवाकडं मात्र नजर जात नाही. दिल्लीत 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकामावर धुळीत पडलेली मजुरांची बाळं बघितली आणि तिथंच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. त्यांनी बघितलं, एवढाच फरक.

ज्यांना आपल्या मुलांनी "तसल्या" मुलांबरोबर बसू नये असं वाटतं, त्यांना एवढंच विचारते. जीव जिवाच्या उपयोगी पडतो, ही आपल्या धर्माची शिकवण सहा वर्षांनंतर लागू होते का?

अंड्याचा विषय

हे लिहिल्यावर काही जणी रागावतील, पण लिहिते. शाळेच्या पोषण आहारात अंडं द्यायचा निर्णय झाला तेव्हा आपल्या समाजानं निवेदनं दिली. मीही सही केली. माझ्या घरात अंडं आलेलं नाही आणि येणार नाही. पण सही करून घरी आल्यावर मन खात होतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या 67 टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी. "अंडं नको" म्हणणाऱ्या समाजानं त्या ताटात दुसरं काय वाढलं? दूध? शेंगदाण्याचा लाडू? मुगाचं घट्ट वरण? नाचणी? दुसऱ्याच्या मुलाच्या ताटातून काही काढायचं असेल तर आधी त्या ताटात काहीतरी घालावं लागतं. नुसतं काढणं ही अहिंसा नव्हे.

आणि रक्ताची कमतरता काही फक्त झोपडीत नसते. आपली बाळं बिस्किटं आणि दुधावर वाढतात, डाळ-पालेभाजीला तोंड फिरवतात, आणि आपण म्हणतो, "गोरागोमटा आहे, काही नाही त्याला." कंदमुळाशिवायही मुलाचं ताट भरपूर पौष्टिक करता येतं. केंद्राच्या स्वयंपाकघरात आपण ते रोज करून दाखवू, आणि आयांना शिकवूही.

"पैसा कुठून आणणार?"

इथं माझं बी.कॉम. कामाला येतं. हॉलची बुकिंगची वही मी मागून घेतली. मागच्या वर्षी हॉल 61 दिवस वापरला गेला. 304 दिवस कुलूप. ताळेबंदात तो मालमत्ता म्हणून दिसतो.

आता वीस मुलांचा महिन्याचा अंदाज. एक शिकलेली शिक्षिका 15,000, दोन मदतनीस बाया प्रत्येकी 10,000, मिळून 35,000. जेवण रोज मुलामागं 40 रुपये, 25 दिवस, म्हणजे 20,000. वीज, स्वच्छता, खेळणी, औषधं 7,000. एकूण 62,000. वीसपैकी बारा मुलांकडून 2,500 आणि आठ मुलांकडून 500 घेतले तर 34,000 जमा. तूट महिन्याला 28,000, वर्षाला 3,36,000. आमच्याच अहवालात जयंतीच्या मंडप, रोषणाई आणि ध्वनिक्षेपकाचा खर्च 4,10,000 आहे. एका दिवसाच्या खर्चात बाराही महिन्यांची तूट भरून वर 74,000 उरतात. उत्सव बंद करा असं मी म्हणत नाही. रोषणाई निम्मी करा, आणि उरलेल्यासाठी आम्ही बायका पदर खोचून उभ्या आहोत.

आपल्या पूर्वजांनी हेच केलं होतं. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा 1899 मध्ये स्तवनिधीला स्थापन झाली आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळीला तिची बोर्डिंगं उभी राहिली. शेतकऱ्याच्या पोराला शहरात राहायला जागा नव्हती, म्हणून. पुढं रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातच राहिले होते. मुंबईत मगनबाईंनी, सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी श्राविकांसाठी आश्रम चालवले, कारण विधवा आणि निराधार बायकांना कुणी विचारत नव्हतं. ज्या काळात जी अडचण, तिला समाजानं उत्तर दिलं. आजची अडचण तान्ह्या मुलाची आहे. आज आपण फक्त संगमरवर घालणार का?

आणि धर्मानं बघा. दानं चार: आहार, औषध, ज्ञान, अभय. मुलाला ताजं जेवण, आहारदान. लस आणि तपासणी, औषधदान. गाणी, गोष्टी, आईला मिळणारी समज, ज्ञानदान. आणि कामावर गेलेल्या आईच्या मनातली धास्ती जाणं, हे अभयदान. चारही दानं एका हॉलमध्ये मिळत असताना त्याला कुलूप लावून ठेवणं कोणत्या शास्त्रात बसतं ते मला कुणी सांगावं.

मग आपण काय करायचं?

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. तान्ह्या बाळाला पहिल्या सहा महिन्यांत आईच हवी, तिचंच दूध हवं. दहा-दहा तास मूल टाकून जा असं मी म्हणत नाही. आणि वाईट पाळणाघर घरापेक्षा वाईट, हेही मान्य. म्हणून नियम कडक हवेत. तान्ह्या तीन मुलांमागं एक बाई, कामावर ठेवण्याआधी प्रत्येकीची पोलीस पडताळणी, आईला केव्हाही आत यायची मुभा, आणि हिशेब दर महिन्याला फळ्यावर.

शनिवारी सकाळ बापांची. त्या दिवशी मुलाला आणणं, भरवणं, वजनाच्या तक्त्यावर खूण करणं बापानं करायचं. आपली मुलं मूल कडेवर घ्यायला लाजत नाहीत, फक्त त्यांना कुणी बोलावत नाही. आठवड्यातून एक दुपार आज्यांची, गोष्टी सांगायला, जिला जमेल तिनं. ज्या आजीला जमत नाही तिनं घरी आराम करावा, लाज वाटून घेऊ नये.

आणि सगळ्यात आधी एक छोटी गोष्ट, जिला ठराव लागत नाही, पैसाही लागत नाही. मंदिराच्या आवारात, पादत्राणांच्या खोलीपलीकडं, एक पडदा आणि दोन खुर्च्या. पाजणाऱ्या आईसाठी. हे आम्ही येत्या रविवारी करणार आहोत. कुणाची परवानगी लागली तर मागू. नाही मिळाली तर कारण लेखी मागू.

वार्षिक सभा दिवाळीनंतर आहे. सभासद म्हणून आपल्या घरातून कुणाचं नाव आहे ते आधी बघा. बहुतेक घरांत नवऱ्याचं किंवा सासऱ्यांचं असेल. मग आपलं नाव लावून घ्या, पावती घ्या. "विषय तहकूब" म्हणजे विषय संपला नाही, पुढं ढकलला, एवढाच त्याचा अर्थ. तो पुन्हा मांडायला सात सह्या होत्या, सत्तर हव्या आहेत. मी अर्ज पुन्हा लिहून ठेवला आहे.

पुढच्या जयंतीलाही पाळण्याचा सवाल होईल. बोली 51,000 ची एक लाखावर जाऊ दे, मला आनंदच आहे. फक्त ती रक्कम कोणत्या पाळण्यासाठी वापरायची हे त्या दिवशी सगळ्यांसमोर विचारायला मी उभी राहणार आहे. तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहाल का?

उत्तम क्षमा. कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा, पण मुद्दा सोडू नका.